कापडाची कुंडली

घडीखात्यात कापड डोळ्यांनी तपासायचं असतं. मालन मुरदंडे ते हातानं तपासायची.

मागावरून उतरलेला तागा लांब टेबलावर यायचा. दोघी बायका समोरासमोर उभ्या राहून त्याची मीटरमीटरची घडी घालायच्या, आणि कुठं तुटका धागा किंवा तेलाचा डाग दिसला की खडूनं खूण करायच्या. तेवढ्यात मालनचा उजवा तळहात कापडावरून फिरून गेलेला असायचा. मध्येच ती थांबून म्हणायची, "इथं दिवेलागण झाली."

समोरची बाई हसायची. एकदा दिवाणजींनी गंमत म्हणून पाळी बदलल्याच्या खुणेपासून मीटर मोजून हिशेब केला. खरंच, तेवढं कापड विणलं गेलं तेव्हा संध्याकाळचे पावणेसात वाजले होते. त्या काळी इचलकरंजीत सगळ्या घरांतले दिवे एकदम लागायचे, वीज दमायची, आणि गावभरचे माग किंचित मंदावायचे. तेवढ्यानं कापडात काय फरक पडतो, ते मालनला सांगता यायचं नाही. "वारं पडलं की अंगाला कळतं न्हवं? तसंच," एवढंच ती म्हणायची.

धाकटी तेजस्विनी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. शाळा सुटली की ती घडीखात्यात येऊन टेबलाखाली बसायची. आईच्या डोळ्यांवर ओढणी बांधायची आणि एकेक तुकडा हाताखाली सरकवत विचारायची, "हा कधीचा? आणि हा?" दहातले आठ-नऊ बरोबर यायचे. मोठा सुदर्शन मात्र या खेळात कधी रमला नाही. त्याला मागाचं वेड होतं. चालता माग दिसला की तो वडिलांचा हात सोडून तिकडं पळायचा.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होत आली. मालनला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं, गुडघे बोलायला लागले होते, आणि देशातल्या प्रत्येक मोठ्या बंदरात एक यंत्र बसलेलं होतं, जे मालनच्या तळहाताचंच काम करायचं. ते तेजस्विनीनं शोधलं होतं.

सरकारी कागदावर त्याला 'वीणचिन्ह मापक' असं भारदस्त नाव होतं. लोक त्याला कुंडलीयंत्र म्हणायचे, कारण ते कापडाची जन्मवेळ आणि जन्मगाव सांगायचं.

त्यातली गोम अशी. आपल्या विजेचं चक्र सेकंदाला पन्नास वेळा फिरतं असं पुस्तकात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ते कधी पन्नासला किंचित कमी भरतं, कधी किंचित जास्त. कुठं एखादा कारखाना सुरू होतो, कुठं जनित्र बंद पडतं, आणि त्या क्षणी देशभरच्या तारांमधली वीज एकदमच डुलते. या डुलण्याची नोंद वीजकेंद्रात सेकंदासेकंदाला होत असते, आणि कालचं डुलणं आजच्यासारखं कधीच नसतं. आता, मागाची मोटर विजेच्या तालावर चालते. ताल वाढला की मागाची फणी आडव्या धाग्याला जरा जोरात ठोकते आणि धागा केसाच्या शतांश भागानं जवळ बसतो. ताल उतरला की तेवढाच सैल. म्हणजे कापड ही विजेच्या श्वासाची रोजनिशीच. यंत्र प्रकाशाच्या बारीक रेघेनं धाग्यांमधली अंतरं मोजतं आणि वीजकेंद्राच्या नोंदीशी ताडून पाहतं. जुळलं, तर कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला आणि कोणत्या देशाच्या तारांवर ते विणलं गेलं, हे कळतं.

हे यंत्र आलं तेव्हा त्याची केवढी गरज होती, ते मालनला विसरता येण्यासारखं नव्हतं. तिच्या उमेदीत गावात लाखावर माग होते. त्यांचा खडखडाट एवढा, की नव्यानं नांदायला आलेल्या मुलीला पहिले आठ दिवस झोप लागायची नाही आणि नंतर माहेरी गेल्यावर शांततेत झोप लागायची नाही. मग परदेशांशी नवे करार झाले. एका देशाच्या कापडावर जबर आयातशुल्क, तर शेजारच्या देशाच्या कापडावर काहीच नाही. लबाडांना तेवढी फट पुरली. जहाज भरायचं एका देशात, कागद करायचे दुसऱ्याच देशाचे. पुढं तर काठावर 'इचलकरंजी' असा छाप मारूनच तागे यायला लागले. आमच्याच गावाच्या नावानं आमच्याच पोटावर पाय. माग भंगारात किलोनं गेले. गल्ल्या एकेक करून मुक्या झाल्या.

कुंडलीयंत्रानं ती लबाडी पहिल्याच वर्षी उघडी पाडली. पाठोपाठ मूळ-कायदा आला. ज्या कापडाचं मूळ देशी वीजतारांशी जुळेल ते देशी, बाकीचं परदेशी. 'मूळ अज्ञात' असलेलंही परदेशीच धरायचं. असं परदेशी कापड कुणी देशी म्हणून विकलं, तर त्याचा विणण्याचा परवाना कायमचा रद्द. त्या वर्षी तेजस्विनीची गावातून मिरवणूक निघाली होती. सुदर्शन पुढं नाचत होता.

आता तोच सुदर्शन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. चेहरा धुतल्या कापडासारखा पांढरा पडलेला.

"आई, आमचं कापड परदेशी निघालं."

मालननं गॅस बारीक केला. "कुठलं कापड?"

"शाळांच्या गणवेशाचं. सरकारनं घ्यायच्या आधी यंत्राखाली घातलं. पंचवीस दिवसांत विणलेलं सगळं. गोदामाला सील लावून गेले." त्यानं हातातला कागद ओट्यावर ठेवला. "मूळ अज्ञात. पुढच्या गुरुवारी इथल्या सभागृहात मूळ-निर्णय मंडळ बसणार. तिथं देशी ठरलं नाही तर परवाना गेला. बारा माग बंद, आणि पन्नास घरांची चूल."

"पण असं होईलच कसं? विणलं तर तू."

"सूर्यावर विणलं ना!" तो कपाळावर हात मारून हसला. "वीज सारखी जाते, म्हणून छपरावर सौर पाट्या बसवल्या, खाली बॅटऱ्या. माग गावाच्या तारेवर चालतच नाहीत. बॅटरीची वीज कशी, अगदी मोजूनमापून. डुलत नाही, श्वास घेत नाही. एकसारखं कापड म्हणून मी जगाला मिरवत होतो. आता ताईसाहेबांचं यंत्र म्हणतंय, याला आईबाप नाहीत."

"तेजूला फोन कर."

"केला. ती म्हणाली, दादा, यंत्र बरोबर सांगतंय." त्यानं ओठ आवळले. "मी म्हटलं, बरं झालं बाई. आता रक्षाबंधनाला येताना पासपोर्ट घेऊन ये."

*

तेजस्विनी शनिवारी पुण्याहून आली, गुरुवारपर्यंत राहायच्या बेतानं. सुदर्शन घरात होता, पण कारखान्याच्या फोनचं निमित्त करून गच्चीवर गेला. मालननं लेकीपुढं दडप्या पोह्यांची बशी ठेवली आणि सरळ विषयाला हात घातला.

"तुझंच यंत्र न्हवं? मग सांग त्याला. म्हणावं, हे आमच्या घरचं हाय."

"असं सांगता येत नाही, आई."

"का? एवढ्या बाबतीत जरा डोळा झाक. एक ओळ बदलायची, असं दादा म्हणतोय."

"बदलता येते." तेजस्विनीनं चमचा बशीत फिरवला, खाल्लं नाही. "आणि नेमकं त्याचीच वाट बघत आयातदारांचे वकील बसलेत. बाहेरच्या देशांतले मोठे कारखानेही आता बॅटरीवर चालतात. त्यांचंही कापड असंच येतं, मूळ अज्ञात. मी एकदा का म्हटलं की अज्ञात म्हणजे देशी, की बंदरात अडकलेली सगळी जहाजं सोमवारी रिकामी होतील. मग बारा माग नाहीत, सगळं गाव बसेल. तुला आठवतंय ना, गल्ल्या मुक्या झाल्या होत्या त्या?"

मालनला आठवत होतं. म्हणूनच तिला राग आला.

"मग भावाला बुडवणार तू. तुझं नाव राहील, त्याचा परवाना जाईल."

तेजस्विनी उठली. बशी तशीच राहिली. "मी रडायचं नाही असं ठरवून आलेय, आई. मला रडवू नको." दारापाशी जाऊन ती वळली. "यंत्र खोटं बोलत नाही. त्याला त्या कापडात काही दिसलंच नाही. कापडात काही असेल तर दाखव. मी स्वतः मंडळापुढं मांडीन."

त्या दुपारी मालन नुसती बसून राहिली. एका पोराला वाचवायचं तर दुसरीला खोटं बोलायला लावायचं. दोन मुलांत वाटणी करायची वेळ कधी येऊ नये म्हणून तिनं घर, भांडी, चार दागिने सगळं आधीच सारखं वाटून ठेवलं होतं. खरेपणाची वाटणी करायची वेळ येईल, हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

*

सोमवारी तिनं काठी घेतली आणि रिक्षानं कोष्टी गल्लीत गेली.

नदीपलीकडच्या नव्या घरात राहायला गेल्यापासून तिचं येणं कमी झालं होतं. शेडमध्ये बारा माग उभे होते, बंद. मागांच्या चौकटी जुन्या, तिच्या नवऱ्याच्या, रंगरावांच्या वेळच्याच. फक्त मोटरी नव्या होत्या, आणि धोट्याच्या जागी आडवा धागा ओढून नेणारे रेपियरचे हात. म्हणजे आता धोट्यातली कांडी बदलायला माग थांबवावा लागत नाही. सूत सरळ कोनाच्या मोठ्या रिळावरून येतं आणि माग तासन्‌तास चालत राहतो. भिंतीवर सुदर्शननं लावलेली ठळक पाटी होती: 'माग विनाकारण थांबवू नयेत.'

मालननं त्या पाटीकडं पाठ केली. गल्लीची एक जुनी रीत होती. अंत्ययात्रा गल्लीत शिरली की दोन्ही बाजूंचे सगळे माग बंद करायचे. कुणाचीही असो, कुठल्याही जातीची, धर्माची. शेवटचा माणूस मारुतीच्या वळणापलीकडं गेला की मग पुन्हा चालू. रंगराव गेले त्या दिवशी मालनला दुपारपर्यंत रडू आलं नव्हतं. माणसं आली, गळ्यात पडली, तिला काही कळत नव्हतं. तिरडी उचलली आणि गल्लीतले तीनशे माग एकामागून एक गप्प झाले. दुसऱ्यांच्या माणसांसाठी गप्प झालेली गल्ली तिनं कितीदा ऐकली होती, स्वतःच्या माणसासाठी कधीच नाही. त्या शांततेत तिला कळलं की आपला माणूस गेला.

सुदर्शननं ती रीत बंद केली होती. थांबलेल्या मागावर उभे धागे ताणून राहतात. पुन्हा सुरू करताना तिथं कापडावर आडवी पट्टी उमटते. गणवेशवाल्यांना डाग नको, पट्टी नको.

मागांची दुरुस्ती बघणारा जॉबर दस्तगीर मुजावर कोपऱ्यात स्टुलावर बसून पाना पुसत होता. अडुसष्ट वर्षांचा, रंगरावांच्या हाताखाली शिकलेला. तिला पाहून उठला.

"या वहिनी. परदेशात स्वागत हाय तुमचं."

"तोंड आवर दस्तगीरभाऊ. कापड कुठाय?"

"गठ्ठे सगळे सीलबंद. हे चार तागे तेवढे बांधायचे राहिले होते, म्हणून वाचले. बघा हात लावून, पण बघून काय करणार? सुतासारखं सरळ हाय."

घडीचं टेबल अजून तेच होतं. मालननं पदर खोचला, दस्तगीरनं तागा सोडला, आणि तिनं डोळे मिटून तळहात ठेवला. कापड सरकत गेलं. खरंच, यात काही नव्हतं. दिवेलागण नाही, पहाट नाही, दमणं नाही. शहाण्या, अबोल पोरासारखं कापड. मध्ये एखादी बारीक खूण यायची, तुटका धागा जोडायला मिनिटभर माग थांबल्याची. पुढं पुन्हा सपाट. दहा मीटर गेले, वीस गेले.

आणि तिचा हात थांबला.

"हे काय?"

"काय कुठं?" दस्तगीर जरा जास्तच लवकर म्हणाला.

"इथं माग थांबलाय. मिनिटभर न्हवं, चांगला पाव तास." तिनं बोट मागं-पुढं फिरवलं. "दुसरा तागा काढ. दुसऱ्या मागावरचा."

दुसऱ्या ताग्यातही ती पट्टी होती. तिसऱ्यात होती. चौथ्यात होती. मालननं डोळे उघडले. दस्तगीर पाना पुसत होता. पाना कधीच स्वच्छ झालेला होता.

"दस्तगीरभाऊ."

"जी."

"चारी माग एकदम का थांबले?"

"वहिनी, धाकल्या मालकांना सांगू नका." त्यानं पाना खाली ठेवला. "यमनव्वा कोरे गेली न्हवं का गेल्या महिन्यात. चाळीस वर्षं हिनं या गल्लीला भाकरी घातली. तिला बसवून नेणारं फुलांचं विमान दारावरनं चाललंय, भजन चाललंय, आणि आत आमचे माग खडखडखडखड. हात उठंना. बटण दाबलं. बाराच्या बारा."

"आणि पाटी?"

"पाटी वाचून दाखवतो की. 'विनाकारण थांबवू नयेत.' कारण होतं!" तो आता हसला. "मालक काचेच्या केबिनमध्ये, कानात ती गाण्याची बोंडं. त्यांना बाहेर माग चालू काय नि बंद काय. दोन वर्षं झाली, एक मयत आम्ही चुकवली नाही."

मालन टेबलाला धरून उभी राहिली. तिला वाटलं होतं, रीत मेली. रीत तिच्या हाताखाली होती, बोटभर रुंद, आडवी, चारी ताग्यांत सारखी.

"त्या महिन्यात आणखी कोण गेलं?"

"बाळू पेंटर. मागांवरचे आकडे ज्यानं रंगवले तो. आणि कासीमभाई चहावाले, दुपारच्या नमाजनंतर."

"फोन लाव," मालन म्हणाली. "माझ्या दोन्ही पोरांना. आणि दोघांना एकाच वेळी बोलव, म्हणावं आईला चक्कर आलीय."

*

दोघंही धावत आली, आणि आई टेबलाशी खडू घेऊन उभी पाहून दोघंही एकदम चिडली. बऱ्याच दिवसांत त्यांनी एकत्र केलेली ती पहिलीच गोष्ट होती.

मालननं लेकीचा हात धरून पट्टीवर ठेवला. तेजस्विनीनं खिशातलं भिंग काढलं, वाकली, आणि बराच वेळ वर बघितलंच नाही.

"दादा, तुझे माग मिनिटाला किती ठोके घालतात?"

"दोनशे," सुदर्शन तुटकपणे म्हणाला.

"गावच्या विजेवर कधी एकशे शहाण्णव, कधी दोनशे दोन. बॅटरीवर?"

"दोनशे म्हणजे दोनशे. सांगितलं की, घड्याळासारखे..."

"घड्याळासारखे," तेजस्विनी म्हणाली. तिचा आवाज लहानपणीसारखा, टेबलाखालून येत होता तसा झाला. "म्हणजे हे कापड घड्याळच आहे! सकाळी सातला माग सुरू झाल्याची खूण इथं. ही पट्टी तिथं. मधले आडवे धागे मोजायचे, दोनशेनं भागायचं, की मिनिटं आली. तुझ्या बॅटरीनं विजेचा श्वास पुसला दादा, पण वेळ इतकी नीट लिहिली की माझ्या तारांनी कधी लिहिली नसती. मी नुसतं डुलणं शोधत बसले. थांबणं मोजायचं मला सुचलंच नाही."

सुदर्शन पट्टीकडं, मग पाटीकडं, मग दस्तगीरकडं बघत होता. "चाचा, तुम्ही माग थांबवत होता?"

"होय मालक. काढून टाका मला."

"आता काढून टाकतो व्हय!" सुदर्शन ओरडला, आणि त्यानं भर शेडमध्ये म्हाताऱ्याला मिठी मारली.

*

गुरुवारी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. मंडळाच्या अध्यक्षा पद्मजा देवस्थळी, निवृत्त न्यायाधीश, कडक इस्त्रीच्या बाई. पलीकडं आयातदार संघाचे वकील.

वकिलांचा मुद्दा धारदार होता. "यंत्र खरं असेल, तर मुरदंड्यांचं कापड परदेशी. यंत्र चुकत असेल, तर आमचंही कापड सोडा. दोन्हीपैकी एक ठरवा."

तेजस्विनी उठली. "यंत्र खरं आहे. या कापडात कुठल्याच देशाच्या तारांची खूण नाही, आणि ते कापड माझ्या सख्ख्या भावाचं असलं तरी मी तेच सांगेन. पण यंत्रानं अर्धंच वाचलं. राहिलेलं अर्धं वाचणारी बाई इथं आहे. यंत्र तिच्या हातावरूनच बनवलंय."

मालनला पुढं आणून बसवलं. अध्यक्षांनी कुणालाही न सांगता आधीच सीलबंद गोदामातून आणि शेडमधून बाराही मागांचे, मयतींच्या तिन्ही दिवसांचे तागे काढून एकाला एक जोडून घेतले होते. आता त्यांनी मालनच्या डोळ्यांवर पट्टी बांधायला सांगितली. मालनला हसू आलं. ती गाठ कशी मारली की पट्टी सरकत नाही, हे तेजूला चांगलं ठाऊक होतं.

पहिला तागा तिच्या हाताखालून सरकला. "थांबा. ही यमनव्वा. लांब थांबलेत, माणसं फार होती." पुढं सरकला. "हा बाळू पेंटर. लवकर उरकलं, बिचाऱ्याला पुढं-मागं कुणी न्हवतं." आणखी पुढं. "हे कासीमभाई."

दुसरा तागा. तिसरा. प्रत्येकात तीन पट्ट्या, प्रत्येकाच्या मधलं अंतर तेच. म्हातारी गल्लीतली मेलेली माणसं एकेक करून नावानं हाक मारून उठवत होती.

नवव्या ताग्यावर तिचा हात फिरत राहिला. शेवटपर्यंत गेला, उलटा परत आला. ती अस्वस्थ झाली. सुदर्शननं खुर्चीची कड घट्ट धरली.

"काय झालं, मालनबाई?" अध्यक्षांनी विचारलं.

"ह्यात कुणी मेलेलंच नाही, बाई."

"म्हणजे?"

"म्हणजे हे आमच्या गल्लीतलं न्हवं. हे कुणासाठी थांबलेलंच नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला. तो तागा बंदरातल्या जप्तीतून आणलेला होता, 'इचलकरंजी' असा काठावर छाप मारलेला. त्यांनी स्वतः तो मध्ये सरकवला होता.

मग यंत्रानं मोजलं. सातची खूण ते यमनव्वाची पट्टी: चव्वेचाळीस हजार दोनशे धागे. दोनशेनं भागून दोनशे एकवीस मिनिटं, म्हणजे दहा वाजून एक्केचाळीस. बाराही ताग्यांत दोन-चार मिनिटांचा फरक, तुटके धागे जोडण्यापुरता. नगरपालिकेची स्मशानाची वही उघडली: यमनव्वा कोरे, आगमन अकरा वाजून दोन मिनिटं. कोष्टी गल्लीतून तिथवर चालत वीस मिनिटं लागतात, हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. प्रत्येकजण कधी ना कधी ते चालला होता. बाळू पेंटर जुळला. कब्रस्तानच्या नोंदीशी कासीमभाई जुळले.

वकील उठले. "ही भानगड कुणीही करू शकेल. उद्या बाहेरचे कारखानेही ठरवून माग थांबवतील."

"थांबवू देत की," मालन पट्टी सोडत म्हणाली. "फक्त त्यासाठी आमच्या गल्लीत कोण कधी मरणार, ते त्यांना महिनाभर आधी ठाऊक पाहिजे. तेवढं कळत असंल तर आम्हालाही कळवा म्हणावं. तयारीला बरं."

सभागृह असं हसलं की अध्यक्षांनाही कागद तोंडापुढं धरावा लागला. मग त्यांनी निर्णय वाचला. अज्ञात ते अज्ञातच. यंत्राची कसोटी तसूभर सैल होणार नाही, आणि बंदरातला माल तिथंच राहील. मात्र जिथं कापड स्वतःच आपल्या गावाची वेळ सांगतं आणि गावाच्या नोंदी त्याला दुजोरा देतात, तिथं ती साक्ष ग्राह्य. मुरदंड्यांचं कापड देशी. सील आजच्या आज काढावं.

शिट्ट्या, टाळ्या, हलगी. कुणी काय वाजवलं याचा पत्ता नव्हता. गर्दीतून सुदर्शन बहिणीपाशी आला.

"पासपोर्ट आणलास काय?" त्यानं विचारलं.

"राखी आणलीय," ती म्हणाली. "अजून तीन महिने आहेत, पण म्हटलं तुझा काय भरवसा. त्या आधी परत परदेशी व्हायचास."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माग सुरू व्हायचे होते. मालन हट्टानं आली. भिंतीवरची पाटी तीच होती. सुदर्शननं फक्त खाली स्वतःच्या हातानं एक ओळ रंगवली होती. बाळू पेंटर नव्हता, त्यामुळं अक्षर वाकडंतिकडं आलं होतं: 'कारण असल्यास सर्वांनी मिळून थांबवावेत.'

"दस्तगीरभाऊ," मालन बटणापाशी उभ्या जॉबरला म्हणाली, "माझ्या वेळी चांगला अर्धा तास थांबवायचे हं. गुडघ्यांनी आयुष्यभर त्रास दिलाय, माझी मयत पण हळूच चालणार."

"थांबवतो की वहिनी. पण गणवेश वेळेवर जायचेत. शाळा उघडेपर्यंत तुम्हाला रजा नाही."

"मग बघत काय उभा राहिलास? कर चालू!"

त्यानं बटण दाबलं. पहिला माग, दुसरा, मग बाराही. समोरच्या शेडमधल्यांनी ऐकलं आणि त्यांचेही सुरू झाले, त्यापलीकडचे सुरू झाले, आणि मारुतीच्या वळणापर्यंत सगळी गल्ली बोलायला लागली. मालननं तळहात पहिल्या मागाच्या काठावर ठेवला. कोवळं, गरम कापड बोटांखालून पुढं सरकत होतं, सपाट, अखंड, कुठंही न थांबता.